आवाज हवेत, मानधन नाही

2013 सालच्या जुलै महिन्यात ‘स्कायरिम’ या गाजलेल्या व्हिडिओ गेमला एक नवा मुलूख जोडला गेला. त्याचे नाव ‘फॉलस्कार’. तो गेम काढणाऱ्या कंपनीने नव्हे, तर अलेक्झांडर वेलिकी या एकोणीस वर्षांच्या अमेरिकन मुलाने तो उभा केला होता. वीस-पंचवीस तास पुरेल एवढी कथा, गावे, डोंगर, गुहा असा सगळा पसारा त्याने सुमारे दोन हजार तास खपून रचला. हे बहुतेक काम एकट्याला जमण्यासारखे होते. पण त्या मुलखातल्या माणसांना बोलते करायचे म्हटल्यावर एकट्याचा गळा पुरेना. शेवटी 29 जणांनी फॉलस्कारच्या पात्रांना आवाज दिले. पुढे वेलिकीला एका मोठ्या गेम कंपनीत नोकरी लागली, त्यामुळे त्याची कहाणी सगळीकडे छापून आली. त्या 29 जणांकडे कसे पोहोचायचे, त्यांच्याशी काय बोलायचे, त्यांच्याकडून काम वेळेत कसे घ्यायचे, हा भाग मात्र बातमीत येत नाही.

बाजारात आलेल्या गेममध्ये खेळणाऱ्यांनीच केलेला बदल किंवा घातलेली भर म्हणजे मॉड. कुणी पात्रांचे कपडे बदलतो, कुणी पाऊस खराखुरा दिसावा म्हणून झटतो, तर कुणी अख्खी नवी कथा जोडतो. स्कायरिम 2011 च्या नोव्हेंबरमध्ये आला आणि 2012 च्या फेब्रुवारीत बेथेस्डा कंपनीने ‘क्रिएशन किट’ हे आपले रचनेचे साधन लोकांना मोफत देऊन टाकले. आज जगभर खेळला जाणारा ‘काउंटर-स्ट्राइक’सुद्धा 1999 मध्ये ‘हाफ-लाइफ’ या गेमचा मॉड म्हणूनच जन्माला आला. या जगात पैशाचा व्यवहार मात्र कधी धड रुजला नाही. 2015 च्या एप्रिलमध्ये ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानाने स्कायरिमचे मॉड विकायला ठेवले, तर खेळाडूंनीच एवढा गदारोळ केला की काही दिवसांतच तो प्रयोग गुंडाळावा लागला. बहुतेक मॉड फुकटच असतात, करणारा पदरमोड करतो, आणि म्हणून आवाज देणाराही हौशीच शोधावा लागतो.

पूर्वी ही अडचण नव्हती. बेथेस्डाच्याच 2002 सालच्या ‘मोरोविंड’मध्ये पात्रांचे बहुतेक बोलणे पडद्यावर वाचायचे असे. चार वर्षांनी आलेल्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये सगळी पात्रे बोलू लागली, पण कलाकार मोजकेच. त्यामुळे भिकारी, शिपाई आणि सरदार एकाच गळ्याने बोलतात अशी थट्टा खेळाडू अजून करतात. स्कायरिमपर्यंत कंपनी सत्तरहून अधिक कलाकार आणि साठ हजारांवर ओळींपर्यंत पोहोचली. एकदा कानाला ही सवय लागली की मुके पात्र खटकते. ओठ हलतात, अक्षरे उमटतात आणि आवाज नाही, हे दृश्य खेळाडू चालवून घेत नाही.

‘स्कायविंड’ हा मॉड याच खटक्यातून निघाला. मोरोविंडचा सगळा मुलूख स्कायरिमच्या तंत्रात नव्याने बांधायचा आणि तेव्हा जे नुसते लिहिलेले होते ते सगळे बोलके करायचे, असा हा घाट. दहा वर्षांहून अधिक काळ जगभरचे स्वयंसेवक त्यात राबत आहेत. एवढ्या काळात आवाज दिलेली माणसे कॉलेजातून नोकरीत जातात, नोकरीतून संसारात जातात. दोन वर्षांपूर्वी एका मुलीने बोलके केलेल्या पात्राला आज दोन वाक्ये वाढवायची झाली, तर ती मुलगी सापडायला हवी, तिचा माइक तोच हवा आणि गळाही तसाच राहिलेला हवा.

‘फॉलआउट: लंडन’ची गोष्ट याच्या अगदी उलट टोकाची. ‘फॉलआउट 4’ या गेमला लंडन शहर जोडणारा हा प्रचंड मॉड 25 जुलै 2024 रोजी मोफत आला. करणारी टोळी हौशीच होती, पण कलाकारांच्या यादीत ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे माजी सभापती जॉन बर्को यांचे नाव होते. सभागृहाला ‘ऑर्डर, ऑर्डर’ म्हणून गप्प करणारा त्यांचा आवाज साऱ्या जगाने टीव्हीवर ऐकलेला. शिवाय ‘डॉक्टर हू’ या मालिकेत पूर्वी नायकाचे काम केलेले कॉलिन बेकर आणि सिल्व्हेस्टर मॅकॉयही होते. फुकट वाटल्या जाणाऱ्या कामालाही अशी माणसे मिळू शकतात. पण विचारावे लागते. त्याआधी संहिता लिहून तयार हवी, आणि कुणाला कोणते पात्र हे विचारणाऱ्यांच्या डोक्यात पक्के हवे. कथेत दम असला की आवाज येतात. मेलबर्नचे वकील निक पिअर्स यांनी 2015 मध्ये स्कायरिमसाठी केलेल्या ‘द फरगॉटन सिटी’ या मॉडला पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील लेखक संघाचा पुरस्कार मिळाला. असा मान मिळवणारा तो पहिलाच मॉड. 2021 मध्ये त्याचा स्वतंत्र गेम झाला.

महाराष्ट्रात गेम घडत नाहीत असे नाही. ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा 2020 सालचा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा. त्यातले निवेदन आधी इंग्रजीत होते, हिंदी आवाज नंतर जोडले गेले. ‘एम्पायर: टोटल वॉर’ या 2009 सालच्या ब्रिटिश गेममध्ये मराठ्यांची फौज घेऊन खेळता येते. पानिपतानंतरचा सरदार आपल्या भाषेत हुकूम देतो आहे, ही कल्पना ज्याच्या मनात येईल त्याच्यासमोर मॉडचे मैदान मोकळे आहे. आणि त्याने आवाज शोधायला पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंकडे पाहण्याआधी नकाशाच्या ईशान्य टोकाकडे पाहावे.

तिथे गोंदिया जिल्हा आहे. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला, धानाचा, राईस मिलींचा जिल्हा. एका अंगाला मध्य प्रदेशातले बालाघाट, दुसऱ्या अंगाला छत्तीसगड. गोंदिया शहराला लागूनच कुडवा हे गाव वाढले आहे. या भागात एकाच चौकात प्रमाण मराठी, हिंदी, झाडीबोली आणि पोवारी कानावर पडते. पूर्वेला सालेकसा-देवरीकडे सरकले की गोंडीही येते. मॉड करणाऱ्याच्या दृष्टीने ही चैन आहे. त्याच्या कथेत चार गावची माणसे असतील तर त्यांचे बोलणे चार तऱ्हांचे हवे, आणि ते नक्कल करून साधत नाही. झाडीबोलीत ‘डोळा’ हा ‘डोरा’ होतो, ‘ण’ जाऊन ‘न’ येतो. शहरातला नट हे दोन नियम पाठ करून बोलू लागला की तिसऱ्या वाक्याला उघडा पडतो.

बोलीपेक्षा मोठी शिदोरी इथल्या रंगभूमीची आहे. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, दिवसा दुकाने आणि पाळणे, रात्री दंडार हे लोकनाट्य नाहीतर नाटक. कुठे शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, जोडीने नाटक ठेवतात. गडचिरोली जिल्ह्यातले वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या धंद्याचे केंद्र. तिथल्या नाटक कंपन्यांच्या कचेऱ्यांना लोक ‘प्रेस’ म्हणतात आणि गावचे मंडळ तिथे जाऊन नाटक ठरवून येते. प्रयोग रात्री उशिरा सुरू होतो तो पहाटेपर्यंत चालतो. या रंगभूमीचे कलाकार परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा सरकारी नोंदीत पाच हजार प्रयोग आणि आठशे भूमिका असा हिशेब दिलेला होता. पुण्या-मुंबईच्या व्यावसायिक रंगमंचावर आठशे भूमिका करायला माणसाला किती जन्म लागतील, याचा अंदाज वाचकाने करावा.

एका माणसाने आज सावकार, उद्या फौजदार, परवा वेडा भाऊ रंगवायचा, आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा काढायचा, ही तालीम मॉडला नेमकी लागते. मॉडमध्ये मुख्य पात्रे पाच-सहाच असतात. बाकी पहारेकरी, दुकानदार, वाटसरू अशी तीन-चार ओळींची गर्दी. तिथे एकाच कलाकाराने चार जण केले आणि ओळखू आले नाहीत तर टोळीचे कितीतरी काम वाचते.

मात्र मंचावरचा गळा जसाच्या तसा माइकसमोर चालत नाही. शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला ऐकू जावे म्हणून ताणलेले वाक्य हेडफोन लावलेल्या खेळाडूच्या कानात किंचाळल्यासारखे घुसते. यावर उतारा म्हणून आकाशवाणीची श्रुतिका, म्हणजे नुसते ऐकायचे नाटक, आठवावे. नागपूर केंद्र 1948 पासून आहे. आकाशवाणीत नाट्यकलाकारांची रीतसर आवाज चाचणी घेतात आणि उत्तीर्ण होणाऱ्यांना श्रेणी देतात. श्रुतिकेच्या नटाला हातवारे नसतात, चेहरा नसतो. दम लागला हेही श्वासातून सांगायचे आणि हसू आले तेही ओठ माइकपासून न हलवता. गेमचे काम याच्या फार जवळचे आहे. फरक एवढाच की श्रुतिकेत समोरचा नट समोर उभा असतो. मॉडच्या कलाकाराला बहुधा आपल्या वाक्यांचा सुटा कागदच मिळतो. समोरच्याने काय विचारले हे ठाऊक नसताना तो ‘हो’ म्हणतो, आणि ते ‘हो’ कथेत बसत नाही. तेवढ्यासाठी एकाने फोनवर समोरच्याच्या ओळी वाचाव्यात. फार खर्चाचा उपाय नाही, पण बरेच मॉड करणारे तो करत नाहीत आणि मग पुन्हा रेकॉर्डिंग मागत बसतात.

आता माणसे गोळा करायची कशी, याकडे येऊ. इंग्रजी जगात ‘कास्टिंग कॉल क्लब’सारख्या संकेतस्थळांवर रोज अशा जाहिराती लागतात. मराठीत हेच काम कॉलेजचे नाट्यमंडळ, राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या हौशी संस्था, गावचे दंडार पथक, शाळेतले निवेदक मास्तर यांच्यामार्फत होईल. राज्य नाट्य स्पर्धा कित्येक दशके चालू आहे. पदरचे पैसे घालून रात्री तालमीला येणाऱ्या माणसांची आपल्याकडे वाण नाही. त्यांच्यापुढे कागद ठेवायचा तो कसा लिहावा, हा खरा प्रश्न.

‘चांगला आवाज असणारे कलाकार हवेत’ ही जाहिरात सगळ्यात वाईट. ती वाचून दोन प्रकारची माणसे येतात. एक, ज्यांना आपला आवाज भारदस्त वाटतो. दुसरी, ज्यांना कुणीतरी तसे सांगितले आहे. आपल्याकडे आवाजाचा माणूस म्हणजे सभेचे सूत्रसंचालन करणारा, खर्जातला, अशी समजूत घट्ट बसली आहे. गेमला असा आवाज फार तर एक लागतो, तोही राजा असला तर. बाकी चहावाला हवा, खोकणारी आजी हवी, तक्रारखोर शेजारी हवा. म्हणून जाहिरात पात्रावरून लिहावी. समजा, कुडव्यातल्या कुणा विद्यार्थ्याने धानाच्या मुलखात घडणारी कथा रचली आहे. त्याचा कागद असा होईल: ‘पात्र, राईस मिलचा दिवाणजी. वय पन्नाशीच्या पुढे. बोलणे संथ, हिशेबात पक्का, मालकाला घाबरतो पण तसे दाखवत नाही. एकूण ओळी 38. शब्द बदललेले चालतील, अर्थ नाही. ऑडिशनला खालील तीन ओळी दोन-दोनदा वाचून पाठवाव्यात. मुदत पंधरा दिवस. निवड झाल्यास रेकॉर्डिंगला तीन आठवडे. मानधन नाही. नाव श्रेयनामावलीत येईल.’

या कागदातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य ‘मानधन नाही’ हे आहे आणि ते लाजत लाजत निवडीनंतर सांगायचे नसते. ‘पुढे बघू’, ‘चांगली ओळख होईल’, ‘मोठ्या कंपन्यांच्या नजरेत याल’ ही गाजरे नवख्याला ओढतात आणि जाणत्याला पळवून लावतात. त्याखालोखाल महत्त्व ओळींच्या आकड्याला. 38 ओळी म्हणजे एक दुपार. 600 ओळी म्हणजे महिने. आकडा न सांगता होकार घेतला की तिसऱ्या आठवड्यात फोन उचलला जात नाही.

ऑडिशनच्या तीन ओळीही निवडून द्याव्या लागतात. एक साधी माहितीची, एक रागाची किंवा भीतीची, आणि एक अशी की जिचे दोन अर्थ निघतील. तिसऱ्या ओळीवर माणूस कळतो. दोनदा वाचायला सांगितल्यावर दोन्ही वेळा सारखेच वाचणारा पाठांतरवाला, आणि दुसऱ्यांदा काही वेगळे करून पाहणारा नट. आलेल्या प्रत्येकाला उत्तर पाठवणे हे कंटाळवाणे काम आहे, पण टाळू नये. नाकारलेला माणूस पुढच्या मॉडला हवा असतो, आणि गोंदियासारख्या ठिकाणी तो उद्या बाजारात भेटतो.

निवड करताना आवाजाची गुणवत्ता पहिली आणि भरवसा दुसरा, असा क्रम स्वाभाविक वाटतो. तो उलटा ठेवावा. मध्यम आवाजाचा, वेळेत फाइल पाठवणारा माणूस अर्धवट सोडून गेलेल्या उत्तम नटापेक्षा मोलाचा, कारण गेलेल्याच्या अर्ध्या ओळी दुसऱ्याच्या गळ्यात बसवता येत नाहीत. अख्खी भूमिका नव्याने करावी लागते. म्हणून नव्या माणसाला आधी पाच ओळींचा वाटसरू द्यावा. त्या ओळी वेळेत आल्या की दुकानदार. नायिका सगळ्यांच्या शेवटी ठरवावी.

आकड्यांचा हिशेब एकदा कागदावर मांडलेला बरा. चाळीस पात्रे, पंधराशे ओळी, प्रत्येक ओळीचे तीन टेक. झाले साडेचार हजार तुकडे. ते ऐकून, चांगला निवडून, मागचा-पुढचा आवाज छाटून, प्रत्येकाला गेमला समजेल असे नाव द्यायचे. गेममध्ये दर ओळीची वेगळी फाइल असते, आणि नावात एक अक्षर चुकले की पात्र तोंड मिटून उभे राहते. त्यामुळे संहिता वहीत नव्हे, तक्त्यात लिहावी. ओळीचा क्रमांक, पात्र, कुणाला उद्देशून, कुठल्या प्रसंगी, कसा भाव, आणि फाइलचे नाव. हा तक्ता तयार नसताना माणसे बोलावणाऱ्याने थोडे थांबावे.

रेकॉर्डिंगला स्टुडिओ लागत नाही, शांतता लागते. शांतता ही गोंदिया परिसरात तशी महाग चीज आहे. मुंबई-हावडा हा लोहमार्ग शहरातून जातो आणि गाड्यांना रात्र-दिवस नसतो. मंडईच्या दिवसांत भोंगे, लग्नसराईत डीजे. आणि या सगळ्यांवर वरचढ म्हणजे विदर्भाचा कूलर. एप्रिल-मेमध्ये तो बंद करून दार लावून बसणे ही शिक्षा आहे, तर चालू ठेवून केलेले रेकॉर्डिंग कुठल्याही सॉफ्टवेअरने धड साफ होत नाही. म्हणून पहाटेची वेळ धरावी. कपड्यांनी भरलेल्या उघड्या कपाटासमोर बसावे, मागे दोरीवर जाड गोधड्या टाकाव्यात, म्हणजे भिंतीवरून परत येणारा घुमारा मरतो. माइकपासून तोंड साधारण एक वीत. ‘प’, ‘फ’, ‘भ’ उच्चारताना सुटणारी हवा थेट माइकवर आदळू नये म्हणून तोंड किंचित तिरके. बोलण्याआधी पाच सेकंद गप्प राहून नुसती खोली रेकॉर्ड करावी. नंतर खोलीचा गुणगुणाट काढायला तोच तुकडा उपयोगी पडतो. ‘ऑडॅसिटी’ हे मोफत सॉफ्टवेअर एवढ्या कामाला पुरते.

फाइल द्यायची ती वेव्ह स्वरूपात, मोनो, 44.1 किलोहर्ट्झ आणि 16 बिट. व्हॉट्सअ‍ॅपची व्हॉइस नोट ऑडिशनला चालेल, पण अंतिम कामाला नाही, कारण ती पाठवतानाच दाबून लहान केलेली असते आणि एकदा गेलेला बारकावा परत येत नाही. आवाज सुधारण्याची हौसही कलाकाराने करू नये. प्रत्येकाने आपापल्या परीने खर्ज वाढवला, घुमारा घातला, तर एकाच चावडीवर बसलेली पाच माणसे पाच वेगवेगळ्या खोल्यांतून बोलतात.

गेममध्ये शब्दांखेरीज आणखी बरेच काही बोलावे लागते. मार बसल्याचा हुंकार, उडी मारतानाचा जोर, पडतानाची किंकाळी, लढाईतली आरोळी. हे प्रकार गळ्याची वाट लावतात. अमेरिकेतील कलाकारांच्या संघटनेने गेम कंपन्यांविरुद्ध 2016 च्या ऑक्टोबरपासून जवळपास वर्षभर जो संप केला, त्यात आवाजावर पडणारा ताण हाही एक मुद्दा होता. हौशी कलाकाराला तर विमा नाही, डॉक्टर नाही. साधी वाक्ये आधी, आरोळ्या सगळ्यात शेवटी, आणि मध्ये कोमट पाणी, एवढे पथ्य पाळलेच पाहिजे. ज्याला उद्या शाळेत शिकवायचे आहे किंवा कीर्तनाला उभे राहायचे आहे, त्याच्याकडून आरोळ्या घेऊच नयेत.

आता सगळ्यात नाजूक भाग. दिलेला आवाज कुठे जातो? जुलै 2024 मधले दोन दिवस या बाबतीत विलक्षण आहेत. 25 तारखेला फॉलआउट: लंडन आला. 26 तारखेला अमेरिकेत गेमच्या आवाज कलाकारांचा दुसरा मोठा संप सुरू झाला आणि तो पुढे जवळपास वर्षभर चालला. कळीचा मुद्दा कृत्रिम बुद्धिमत्तेने आवाजाची नक्कल करण्याचा. आणि त्याच 26 तारखेला मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्राने नक्कल करून देणाऱ्यांना मनाई करणारा आदेश दिला. 2025 मध्ये आशा भोसले यांनाही याच न्यायालयाने असे संरक्षण दिले.

मॉडच्या जगात ही भांडणे आधीच पोहोचली होती. मूळ गेममधल्या व्यावसायिक कलाकारांचे आवाज यंत्राला शिकवून त्यांच्या तोंडी नवी वाक्ये, कधी अश्लील वाक्येसुद्धा, घातली गेली आणि 2023 मध्ये कलाकारांनी त्याविरुद्ध उघड तक्रार केली. मॉड करणाऱ्याची बाजू समजण्यासारखी आहे. फुकटचे काम, माणसे मिळत नाहीत, आणि यंत्र पाच मिनिटांत ओळ बोलून देते. पण दुसऱ्याचा गळा त्याला न विचारता वापरणे ही चोरीच. ती हौसेची आहे म्हणून माफ होत नाही. शिवाय पोवारी किंवा झाडीबोलीतला आवाज यंत्राकडे मागून पाहावा. जे बाहेर येते ते ऐकून कुडव्यातले पोरही हसेल.

म्हणून अर्ध्या पानाचा, सोप्या मराठीतला संमतीचा कागद हवाच. हा आवाज याच मॉडमध्ये वापरला जाईल, मॉड फुकटच राहील, विकायची वेळ आली तर पुन्हा विचारू, आवाज कुठल्याही यंत्राला शिकवायला दिला जाणार नाही. अठरा वर्षांखालील कलाकार असेल तर आई-वडिलांची सही. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराच्या सादरीकरणालाही हक्क आहेत. 2012 च्या दुरुस्तीनंतर, आपल्या सादरीकरणाशी आपले नाव जोडले जावे असा दावाही कलाकार करू शकतो. श्रेयनामावली ही मेहेरबानी नाही.

आवाज फुकट मागावा की नाही, याबद्दल महाराष्ट्रातच एक बोलके उदाहरण आहे. संगणकाला मराठी बोलणे कळावे म्हणून लागणाऱ्या रेकॉर्डिंगचा एक प्रयोग पालघर जिल्ह्यातील आमले या आदिवासी पाड्यावर आणि मुंबईत झाला. 2020 मध्ये त्याचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. 36 जणांनी मिळून 109 तासांचे मराठी बोलणे साध्या स्मार्टफोनवर रेकॉर्ड केले, आणि कमी उत्पन्न गटातल्या लोकांचे काम विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या तोडीस तोड निघाले. या लोकांना पैसे दिले होते. ‘कार्य’ नावाची संस्था पुढे याच वाटेने गेली. दुसरीकडे मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’ प्रकल्पात मराठी माणसे विनामोबदला वाक्ये वाचून देतात, आणि तो साठा कुणालाही कशासाठीही वापरायला खुला असतो. केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ योजनेतले ‘भाषादान’ही देणगीच्याच तत्त्वावर चालते. शेजारच्या छत्तीसगडमध्ये ‘सीजीनेट स्वर’ने 2010 पासून साध्या फोनवर लोकांची गाऱ्हाणी आणि बातम्या त्यांच्याच आवाजात, गोंडीतसुद्धा, रेकॉर्ड करून पोहोचवल्या.

या सगळ्यांतून एक कसोटी काढता येते. ज्याच्यातून कुणी कमावणार आहे त्या आवाजाचे पैसे द्यावेत. ज्यातून कुणीच कमावणार नाही तिथे फुकट मागायला हरकत नाही, पण मग रेकॉर्डिंगला येणाऱ्याचे रिक्षाचे भाडे, चहा-नाश्ता आणि एक बरा माइक ही जबाबदारी मागणाऱ्याची. टोळीत एकच माइक घेऊन तो घरोघर फिरवला तर आणखी एक फायदा होतो. सगळ्या पात्रांचा पोत सारखा राहतो आणि माइक नसलेली आजीही कलाकार होऊ शकते. बायकांचे आवाज मिळवायला तर हाच रस्ता बरा. ज्या मुलीला रात्रीच्या प्रयोगाला घरातून परवानगी मिळत नाही तिला दुपारी आपल्याच खोलीत, गोधडीआड बसून राणीचे काम करता येते.

कुडवा असो की आमगाव, तिरोडा असो की अर्जुनी मोरगाव, ज्याच्या संगणकात अशी एखादी अर्धी कथा पडून आहे त्याने पंधराशे ओळींचे स्वप्न बाजूला ठेवून आधी एक चौक, चार पात्रे आणि चाळीस ओळी एवढाच मॉड पुरा करावा. तो ऐकवला की पुढच्या कलाकारांना काही समजावून सांगावे लागत नाही. वेळ मात्र नीट निवडावी. दिवाळीपासून पुढे झाडीपट्टीचे कलाकार दौऱ्यावर असतात आणि पाऊस पडला की धानाच्या रोवणीत कुणाला बोलायला उसंत नसते. जाहिरात होळीच्या सुमारास लावावी आणि रोवणी सुरू व्हायच्या आत, पहाटे कूलर बंद ठेवून, रेकॉर्डिंग उरकून घ्यावे.